दंडाचे माप

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी कंपनीच्या दवाखान्यातल्या यंत्राने १५६/९८ हा आकडा दाखवला. दहा मिनिटांनी पुन्हा घेतला तेव्हा १५२/९६ आला. कंपनीच्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे अर्जावर लिहिले, खालच्या चौकोनात 'उंचीवरील कामास तूर्त अपात्र' असा शेरा मारला आणि सही केली.

अर्ज ज्याचा होता तो सत्तेचाळीस वर्षांचा टॉवर क्रेन चालवणारा होता. एकवीस वर्षे त्याने जमिनीपासून चाळीस-पंचेचाळीस मीटरवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंड आणि काँक्रीट उचलले होते. बांधकामावर त्याला सगळे 'टॉवर' म्हणत. हे नाव क्रेनवरून पडले की अंगावरून, याबद्दल दोन मते होती. चौदा महिन्यांपूर्वी त्याचे वजन १४१ किलो भरले. शिडी चढताना अंगाला बांधायच्या हार्नेसवर १३६ किलोची मर्यादा छापलेली असते. त्या दिवसापासून तो खाली होता, गोदामात, साखळ्या आणि दोरखंड मोजत. सात महिन्यांपूर्वी जठर लहान करायची शस्त्रक्रिया झाली. आता वजन ९४ होते. हार्नेसचा प्रश्न मिटला होता. नव्या इमारतीची क्रेन पाच आठवड्यांनी उभी राहणार होती आणि तिच्यावर कोण बसणार ते ठरायचे होते.

"तीन वेगवेगळ्या दिवशी इथे येऊन दाखवा," डॉक्टर म्हणाले. "तिन्ही वेळा एकशे चाळीस-नव्वदच्या खाली. महिन्याच्या आत. मग माझी हरकत नाही."

"डॉक्टर, घरी रोज एकशे वीस-पंचवीस येतो. वहीत लिहिलंय सगळं."

"वही तुमच्या घरची. शिडीवर तुम्ही माझ्या सहीने चढणार."

तो बसने घरी गेला.

घर दोन थांब्यांवर होते. पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन, बाजूच्या दांडीवर लोकांचे कपडे, प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी. त्याची बायको नवे कपडे शिवत असे, पण तिचे नाव होते ते जुने उसवून पुन्हा अंगाला बसवण्यात. कुणाचा कोट सैल झालेला, कुणाची पँट आखूड, कुणाला बाळंतपणानंतर कमरेला दोन बोटे हवी असलेली. तो तिला 'मास्तर' म्हणत असे. गेल्या सात महिन्यांत मास्तरांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक घरातच होते. त्याचा निळा शर्ट तिने चार वेळा आत घेतला. चौथ्या खेपेला दोन्ही खिसे एकमेकांना भिडायला आले तेव्हा तिने हात टेकले. "अहो, आता हा शर्ट नाही राहिला, नुसते खिसे राहिलेत."

तो जेवायचा लहान मुलाच्या वाटीएवढे, आणि तेवढ्याला अर्धा तास लागे. एकेक घास लगदा होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. तो एकटाच चावत बसू नये म्हणून तीही समोर बसून तेवढाच वेळ चावत असे. त्यात तिचेही चार किलो उतरले. त्याचे श्रेय दोघेही घेत.

आणि वही. सकाळी सात, संध्याकाळी सात. पाठ टेकून पाच मिनिटे बसायचे, मग ती त्याच्या दंडाला पट्टा बांधायची, यंत्राचे बटण दाबायची आणि आकडे वहीत उतरवायची. ऑपरेशनआधी त्याला रक्तदाबाच्या तीन गोळ्या होत्या. एक ऑपरेशननंतर दुसऱ्याच आठवड्यात बंद झाली. पाचव्या आठवड्यात आंघोळीच्या स्टुलावरून उठताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, वहीत ९८/६० नोंदले गेले आणि दुसरी गोळीही गेली. वजन उतरताना असे होते, औषधे जड व्हायला लागतात, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तिसरी चौथ्या महिन्यात अर्धी झाली आणि साडेपाचव्या महिन्यात बंद. शेवटच्या दोन तपासण्या फोनवरच झाल्या, कारण हॉस्पिटल दुसऱ्या शहरात, तीन तासांवर. तिने वहीतले आकडे वाचून दाखवले. ते चांगले होते.

सोमवारी तो अकराच्या सुमारास दारात उभा राहिला तेव्हा तिने मशीन थांबवले.

"काय म्हणाले?"

"एकशे छप्पन्न."

"कुणाचं?"

"माझंच. दुसऱ्याचं मोजून घ्यायची सोय नव्हती."

तिने त्याला खुर्चीत बसवले, घड्याळ लावून पाच मिनिटे गप्प ठेवले आणि पट्टा बांधला. १३४/८६.

"बघा. त्यांचं यंत्र बिघडलंय."

"दोनदा घेतलं त्यांनी."

"बिघडलेलं यंत्र दुसऱ्यांदा सुधारतं का?"

बोलणे इथवर आले असताना आक्का वरून खाली आली. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. टपाल खात्यातून निवृत्त झालेली, वरच्या मजल्यावर राहणारी. चोरीचा तपास करावा तशी ती घरातल्या मिठाचा तपास करत असे. लहानपणी तिने त्याचे नाव 'ठोंब्या' ठेवले होते. सत्तेचाळीस किलो गेले तरी नाव बदललेले नव्हते.

"दाणे," आकडा ऐकून ती म्हणाली. "खारे दाणे खातोय हा बाहेर."

"आक्का, उगाच काहीही..."

तिने खुंटीवरच्या जाकिटाच्या खिशात हात घातला आणि पुडी बाहेर काढली.

"ही कुणाची?"

"माझी."

"ठोंब्या, खरं सांग. किती खाल्लेस?"

"चार."

"चार पुड्या!"

"चार दाणे. त्याच्या पुढे पोटात जागाच नाही गं. ही पुडी महिनाभर चाललीय."

आक्काने पुडी उघडून पाहिली. ती जवळजवळ भरलेली होती. पुरावा हातात असून गुन्हा सिद्ध होत नाही म्हणून ती जास्तच चिडली.

"वन्सं, चार दाण्यांनी एवढं चढत नाही," बायको म्हणाली. "यंत्रातच खोट आहे त्यांच्या. बुधवारी मी यांना घेऊन हॉस्पिटलात जाते. आपलं यंत्र सोबत नेते. तिथे एकदा दोन्ही लावून बघू दे, मग कागदावर लिहूनच आणते."

बुधवारी तिने दारावर 'आज बंद' असा पुठ्ठा लावला, यंत्र डब्याच्या पिशवीत ठेवले, वर वही ठेवली. बसमध्ये तीन तास तिने पिशवी मांडीवर धरली होती. ती पूर्ण तयारीने निघाली होती. कंपनीच्या डॉक्टरांना काय सुनवायचे हेही तिचे ठरले होते.

हॉस्पिटलात वजन कमी केलेल्यांच्या तपासणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिथली सिस्टर पन्नाशीची, चष्मा कपाळावर सारून बोलणारी. तिने त्याला ओळखले नाही, मग जुना फोटो पाहून ओळखले, मग हसली. "दादा, तुमचा जुळा भाऊ आलाय वाटलं. सुकलेला."

बायकोने यंत्र टेबलावर ठेवले. सिस्टरने पट्टा हातात घेतला, उलटा केला आणि चष्मा डोळ्यांवर आणला.

"हे कुणी शिवलंय?"

"मी."

"शिवण फार छान आहे हो."

"कंपनीची शिवण चांगली नव्हतीच मुळी. यांचा दंड बारीक झाला, पट्टा सारखा कोपरापर्यंत घसरायचा. तिसऱ्या महिन्यात शर्ट आत घेतले तेव्हाच हाही घेतला. टोक दुमडलं, वेल्क्रो पुढे आणून लावली. आता कसा चापून बसतो, बघा."

सिस्टरने खणातून मापपट्टी काढली आणि खांदा ते कोपर यांच्या बरोबर मध्यावर त्याचा दंड मोजला. "एकतीस." मग पट्टा बोटांनी चाचपत गेली. "ताई, या दुमडीखाली कंपनीने काहीतरी छापलेलं असतं. तुम्हाला आठवतं का काय होतं?"

बायकोला आठवत नव्हते. तिच्या पर्समध्ये टाके उसवायची छोटी सुरी कायम असते. तिने ती काढली आणि तिथेच, टेबलाशी उभी राहून, स्वतःची शिवण उसवली. आठ-दहा टाके निघाले. दुमड उघडली तेव्हा आत पांढऱ्या अक्षरांत छापलेले दिसले: दंडाचा घेर ३४ ते ४५ सेंमी.

"हा जाड दंडाचा पट्टा आहे," सिस्टर म्हणाली. "ऑपरेशनआधी आम्हीच सांगितलेला. तेव्हा दादांचा दंड त्रेचाळीस होता. तुम्ही वरचं कापड आत घेतलंत, पण आतला रबरी फुगा तेवढाच राहिला. बारीक दंडावर मोठा फुगा लावला की यंत्र खरं असतं त्यापेक्षा कमी सांगतं. घसरत होता तेव्हाच बदलायचा होता. पण तुमच्या शिवणीमुळे तो घसरायचाच थांबला."

"किती कमी?"

"ते सांगता येत नाही. आणि फुगा आतल्या आत कसा दुमडला असेल, तेही आपल्याला माहीत नाही. घेऊन बघू."

बायकोने निघालेली दुमड टाचण्यांनी पुन्हा होती तशी जुळवून दिली. त्याला पाच मिनिटे गप्प बसवण्यात आले. जुन्या पट्ट्याने १३६/८६ आला. थोड्या वेळाने त्याच दंडावर योग्य मापाच्या पट्ट्याने १४८/९२. सिस्टरने पुन्हा दोन्ही घेतले. फरक दहा-बाराचाच राहिला.

"मग कंपनीत एकशे छप्पन्न कसा?" त्याने विचारले.

"किती जिने चढून गेलात?"

"तीन. आणि उशीर झाला होता."

"मग वरचे आठ त्या जिन्यांचे."

बायको तेव्हापासून उभीच होती. ती म्हणाली, "मी यांच्या बाहीसाठी दर महिन्याला हाच दंड मोजते. माझ्या मापाच्या वहीत लिहिलेलं आहे. त्रेचाळीस, एकोणचाळीस, छत्तीस, तेहतीस. हाच दंड."

"ताई, बसा."

"कापडाला कात्री लावायच्या आधी मी दोनदा माप घेते. वीस वर्षांत कुणाचं कापड फुकट घालवलं नाही."

"मास्तर, बस ना," तो म्हणाला. ती बसली.

शस्त्रक्रिया विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी वही सुरुवातीपासून वाचली. त्या मोजके बोलणाऱ्या होत्या. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे खरे धरायला हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा दंड त्या पट्ट्याच्या मापाचा होता. रक्तदाब खरोखर उतरलाही आहे, तीन गोळ्यांवर जेवढा होता तेवढाच आज गोळीशिवाय आहे. पण पूर्ण सुटलेला नाही. सगळ्यांचा सुटत नाही. वडिलांनाही होता, वयही पुढे चालले आहे. एक छोटी गोळी सुरू करायची, नवा पट्टा घ्यायचा, आणि उभे राहिल्यावरचा आकडाही लिहायचा.

"उभ्याचा कशाला?"

"कारण तुम्हाला शिडी चढायची आहे. दाब जास्त असलेला मला चालणार नाही, आणि शिडीच्या मध्यावर एकदम पडलेला तर त्याहून नाही. केबिनमध्ये असताना पाणी किती पिता?"

उत्तर बायकोने दिले. "दोन घोट. तिथे बाथरूम नसतं ना. पाणी प्यायलं की पंचेचाळीस मीटर उतरा आणि परत चढा. एकवीस वर्षं हे सकाळी दोन घोट पिऊन दुपारपर्यंत बसलेत."

"आता ते जमणार नाही. तुमच्या पोटात एका वेळी पेलाभर मावत नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं घ्यायला हवं. घ्याल?"

"घेईन."

"नाही घेणार," बायको म्हणाली.

"अगं, घेईन म्हणतोय ना."

"वर गेलात की तुम्हाला खाली काय सांगितलंय ते आठवत नाही. हे मी लग्नापासून बघतेय."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे पाहिले आणि 'पाणी: दर पंधरा मिनिटांनी दोन घोट' असे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बायकोच्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये तासाभराने ती म्हणाली, "माझ्यामुळे गोळी बंद झाली."

"गोळी डॉक्टरांनी बंद केली."

"माझ्या वहीवरून."

"मास्तर, दंड कुणाचा? माझा. मला कळलं का काही? मी तर लोकांना सांगत होतो, माझ्या बायकोने बीपीचा पट्टासुद्धा आल्टर केलाय म्हणून. गोदामातल्या दोघांना आणून दाखवणार होतो."

"खरंच?"

"शप्पथ."

तिला हसू आले, पण तिने तोंड खिडकीकडे वळवले.

घरी आल्यावर तिने वहीत तिसऱ्या महिन्यापासून पुढच्या प्रत्येक पानावर तिरकी रेघ ओढली आणि पहिल्या रेघेशी लिहिले: 'इथून पुढचे आकडे चूक. पट्टा शिवणारीची चूक.' गुरुवारी सकाळी तिने वही उघडली तेव्हा खाली त्याच्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती: 'घालणाऱ्याचीही.'

नवा पट्टा आला, पण तो बांधायला ती तयार होईना. "वन्संनाच सांगा. माझा हात नको." मग आक्का सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला जिना उतरून येऊ लागली. पट्टा बरोबर बांधायची, आकडा बरोबर लिहायची. फक्त पाच मिनिटे गप्प बसायच्या नियमाचा अर्थ तिने असा लावला होता की गप्प रोग्याने बसायचे.

"पाय खाली सोड. मांडी घालू नकोस. काल संध्याकाळी चालायला गेलास का? गेला नाहीस. मी खिडकीतून बघत होते. आणि ती सिगारेटवाली मंडळी अजून येतात का गोदामात? बोलू नकोस, आकडा चढेल."

आठवडाभर वहीत १४४, १४६, १४३ असे आकडे येत राहिले. आठव्या दिवशी आक्काला दातांच्या डॉक्टरकडे जायचे होते, म्हणून पट्टा बायकोने बांधला. १३४/८४. दुसऱ्या दिवशी आक्का परत आली. १४५/९०. त्या संध्याकाळी त्याने बायकोला मुद्दाम बोलावले. १३५/८४. प्रश्न उघड होता, पण विचारणार कोण?

आक्कानेच विचारले. वही डोळ्यांशी धरून ती दोन पाने पुढे-मागे करत राहिली. "म्हणजे माझ्या हाताने याचं बीपी वाढतं?"

"हाताने नाही, वन्सं," बायको म्हणाली आणि थांबली.

"बोल, बोल पुढे."

"तोंडाने."

आक्का दोन दिवस खाली आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती सगळ्या डब्यांवरच्या मिठाच्या प्रमाणाची यादी घेऊन. पट्टा बांधायचे काम मात्र तिने स्वतःहून सोडले. त्या दिवसापासून सकाळी सात ते सात-पाच आणि संध्याकाळी सात ते सात-पाच या वेळात घरात कुणी बोलत नसे. मशीन बंद असे. तो खुर्चीत पाठ टेकून, ती समोरच्या स्टुलावर घड्याळाकडे पाहत. लग्नाला बावीस वर्षे झाली होती आणि इतक्या वेळा पाच मिनिटे एकमेकांसमोर नुसते बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आला नव्हता. एकदा तो तिच्याकडे पाहून हसला, तर तिने बोट दाखवून दटावले, कारण हसण्यानेही आकडा बदलतो.

कंपनीच्या दवाखान्यातली पहिली तपासणी पंधराव्या दिवशी, मंगळवारी झाली. या वेळी तो अर्धा तास आधी गेला आणि वर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून राहिला. १३८/८८. दुसरी पुढच्या मंगळवारी. १३४/८६. डॉक्टरांनी दोन्हींवर बरोबरची खूण केली. तिसरी शुक्रवारी ठरली. गोदामात कुणीतरी त्याच्या टेबलावर त्याचे जुने हार्नेस आणून ठेवले, आता त्याच्या कमरेभोवती दीड वेळा फिरणारे. साइट इंजिनिअर येता-जाता म्हणाला, "टॉवर, सीट पुसून ठेवायला सांगू ना?"

गुरुवारी सकाळी सहा पन्नासला तो पलंगावरून उठला, दोन पावले चालला आणि भिंतीला धरून उभा राहिला. ती स्वयंपाकघरातून धावत आली. तिने त्याला बसवले, पट्टा बांधला. बसून १२६/८०. मग उभे करून, मिनिटभर थांबून पुन्हा. १००/६४.

आदल्या दिवशी गोदामात पंखा बंद होता, तो दिवसभर घामाने भिजला होता आणि पाण्याची बाटली अर्धी परत आणली होती. हे दोघांनाही माहीत होते.

तिने पेन उचलले.

"हा नको लिहू," तो म्हणाला.

"का?"

"उद्या तिसरी आहे. संपलं मग. आता बरं वाटतंय, बघ. पाणी पितो मी आज भरपूर."

"अहो, शंभर आलाय."

"एकदाच आलाय. घरातच आलाय. कुणाला कळणार आहे? मास्तर, चौदा महिने झाले. मी तिथे साखळ्या मोजतोय. माझ्या वर कुणीतरी दुसरा बसून माझा माल उचलतो आणि मी मान वर करून बघतो."

"मला माहीत आहे."

"नाही माहीत तुला."

"रोज संध्याकाळी घरी आल्यावर तुमची मान मी चोळते. मलाच माहीत आहे."

तिने वही जवळ ओढली.

"चार महिने मी या वहीत खोटं लिहिलं," ती म्हणाली. "तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतंय. कळून नाही लिहिणार."

तिने दोन्ही आकडे लिहिले, वेळ लिहिली, पाण्याची अर्धी बाटलीही लिहिली. साडेआठला हॉस्पिटलात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवसाची गोळी थांबवायला सांगितली, उद्यापासून तीच गोळी रात्री, पाणी मोजून, रक्ताची एक तपासणी, आणि आठवडाभर रोज उभ्याचा आकडा. कंपनीच्या डॉक्टरांना मी पत्र पाठवते, असेही त्या म्हणाल्या. पत्रात हे सगळे असेल.

"पाठवा," ती म्हणाली. तो शेजारीच उभा होता. त्याने नाही म्हटले नाही. नंतर दिवसभर तो तिच्याशी फक्त कामापुरते बोलला. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी मात्र पीत राहिला, आणि प्रत्येक वेळी पेला टेबलावर जरा जोरात ठेवत राहिला.

संध्याकाळी सातला तो खुर्चीत येऊन बसला आणि स्वतःच हात पुढे केला. आकडा लिहून झाल्यावर म्हणाला, "मी लिहिलं नसतं."

"ठाऊक आहे."

"म्हणून तर वही तुझ्याकडे आहे." मग खुर्चीतून उठत, "चाव आता माझ्याबरोबर. भूक लागलीय."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला कंपनीच्या दवाखान्यात तिसरा आकडा आला: १३६/८४. मर्यादेच्या आत. या वेळी ती बरोबर आली होती. डॉक्टरांनी तो लिहिला, पण खूण करण्याआधी टेबलावरचे पत्र उचलून पुन्हा वाचले.

"हे तुम्हीच कळवलंत?"

"मी कळवलं," बायको म्हणाली.

"लोक अशा गोष्टी लपवतात."

"यांचाही विचार होता," ती म्हणाली. त्याने छताकडे पाहिले.

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्यासारखे दिसले. मग त्यांनी आपले म्हणणे सांगितले. तीन आकडे बरोबर आहेत. नियमाने ते आज सही करू शकतात. पण हे पत्र वाचून ते सही करणार नाहीत, आणि त्या पत्रामुळेच नाहीही म्हणणार नाहीत. दंडाला चोवीस तास बांधून ठेवायचे एक यंत्र असते. ते अर्ध्या-अर्ध्या तासाने आपोआप दाब मोजते, बसता-उठता, कामात, झोपेत. ते लावायचे. त्याचा अहवाल पाहून काय ते ठरेल.

सोमवारी सकाळी दहाला ते यंत्र बसवले गेले. पट्टा लावण्याआधी तिने तंत्रज्ञाला दंडाचे माप विचारले. तो म्हणाला, "मोजलंय." ती म्हणाली, "माझ्यासमोर मोजा." त्याने पुन्हा मोजले. एकतीस.

तो दिवस त्याने गोदामात नेहमीप्रमाणे काढला. यंत्र घरघरले की हात सैल सोडून जागच्या जागी थांबायचे, असा नियम होता. त्यामुळे तो दर अर्ध्या तासाने वाक्याच्या मध्येच गोठत असे आणि गोदामातली सगळी माणसे त्याच्याबरोबर गोठत. घरी आक्का खाली आली. तिने दार ढकलले, पट्टा फुगताना पाहिला आणि एक अक्षर न बोलता उलट पावली जिना चढून गेली. ही घटना बायकोने वहीत वेळेसह नोंदवली.

मंगळवारी सकाळी दहा पाचला यंत्र काढले. त्यात अठ्ठेचाळीस नोंदी होत्या. तंत्रज्ञाने आकडे सांगायला नकार दिला. ते डॉक्टर सांगतील, म्हणाला.

बुधवारी नव्या इमारतीच्या पायावर क्रेनचा पहिला लोखंडी टप्पा उभा राहिला. केबिन अजून ट्रकवरच होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तो दुपारच्या सुट्टीत जाऊन पाहून आला. सीट चांगली आहे, म्हणाला, आणि डाव्या बाजूला बाटली ठेवायला खोबण आहे.

गुरुवारी सकाळचा आकडा बसून १२८/८२, उभ्याने ११८/७८. दुपारी चारला तिने कंपनीच्या दवाखान्यात फोन केला. अहवाल आला आहे. डॉक्टर बाहेर गेले आहेत, पाचपर्यंत येतील, असे उत्तर मिळाले. फोन ठेवून ती मशीनवर बसली. त्या वेळी तो गोदामात होता, आणि दोघांपैकी कुणालाही अजून काहीच कळलेले नव्हते.